परसातील वाळा : लागवड, काढणी व घरगुती वस्तू

चैत्र-वैशाखाच्या उन्हातून आलेल्या पाहुण्यास माठातील थंड पाणी द्यावे आणि त्या पाण्यास वाळ्याचा मंद वास यावा, हे सुख आपल्याकडे जुने आहे. अक्षय्य तृतीयेस पाण्याने भरलेला कुंभ दान करताना त्यात वाळा घालण्याची रीत अनेक घरांत पाळली जाते. संस्कृतात वाळ्यास ‘उशीर’ म्हणतात. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त तापाने व्याकूळ झालेल्या शकुंतलेस उशीराचा लेप लावल्याचा उल्लेख आहे, आणि अबुल फज्लने ‘ऐन-इ-अकबरी’त वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून भर उन्हाळ्यात गारवा कसा आणीत, हे नमूद केले आहे.

इतका परिचयाचा हा वाळा बहुतेक कुटुंबे बाजारातून जुडीच्या दराने विकत आणतात. वास्तविक, नाशिक जिल्ह्यात जेथे उन्हाची चार हात जागा आहे आणि पहिले वर्ष-दीड वर्ष थोडे पाणी देता येते, अशा कोणत्याही परसात वाळा उत्तम येतो. त्यापासून कोणत्या वस्तू घरी करता येतात, हेही या लेखात सांगितले आहे. परंतु लागवडीस हात घालण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. वाळ्याचे जे मूळ सुगंध देते, तेच मूळ माती धरून ठेवते. सुगंधासाठी ते खणले, की त्या जागेची माती मोकळी होते. म्हणून वाळा कोठे खणावा आणि कोठे खणू नये, हा विचार लागवड करतानाच केला पाहिजे.

वनस्पतीची ओळख

वाळा ही गवताच्या कुळातील बहुवर्षायू वनस्पती होय. त्याचे शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस असे आहे. जुन्या पुस्तकांत ते व्हेटिव्हेरिया झिझॅनिऑइडिस असे आढळते. हिंदीत यास खस व तमिळमध्ये वेट्टिवेर म्हणतात. तमिळ नावाचा अर्थ ‘खणून काढलेले मूळ’ असा असून त्यावरूनच जगात सर्वत्र हे गवत ‘व्हेटिव्हर’ या नावाने ओळखले जाते.

याचा ठोंब दीड ते दोन मीटर उंच वाढतो. पाती अरुंद, ताठ व कडेस किंचित खरखरीत असतात. मुळ्या बारीक, पिवळसर तपकिरी व दाट असून त्या आडव्या न पसरता सरळ खाली जातात. जमीन भुसभुशीत व खोल असल्यास त्या दोन-तीन मीटरपर्यंत पोचतात. हरळीप्रमाणे वाळ्यास जमिनीवर धावणारे धुमारे नसतात. त्यामुळे तो शेतात पसरून तण बनत नाही. मात्र उत्तर भारतातील रानटी प्रकारास उगवणारे बी येते, तर दक्षिणेकडील लागवडीच्या प्रकारास बहुधा येत नाही. बांधावर लावण्यासाठी बी न धरणाऱ्या प्रकाराचेच फुटवे आणावेत. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने धारिणी, गुलाबी, केशरी इत्यादी सुधारित वाण काढले आहेत.

लव्हेंडर का नको?

अलीकडे शहरातील रोपवाटिकांत लव्हेंडरची रोपे मिळू लागली असून कपड्यांत ठेवण्याच्या सुगंधी पुरचुंड्यांसाठी ते घरी लावावे काय, अशी विचारणा होते. जम्मू-काश्मीरमध्ये, विशेषतः डोडा जिल्ह्यातील भद्रवाहच्या परिसरात, लव्हेंडरची शेती यशस्वी झाली आहे हे खरे. परंतु त्या झाडास थंड हवा, निचऱ्याची जमीन व कोरडा उन्हाळा मानवतो. थंडी आपल्याकडेही पडते. निफाड तालुक्यात पारा कित्येकदा पाच अंशांच्या खाली उतरतो. अडचण आहे ती पावसाळ्याची. आषाढ-श्रावणातील सततची ओल, त्यात काळी जमीन, यामुळे लव्हेंडरच्या मुळ्या कुजतात. कुंडीत, आडोशास, पाणी बेताने देऊन हौसेपुरते एखादे रोप जगविता येईल. त्यावर घरची गरज भागणार नाही. वाळ्याचे याच्या उलट आहे. तो पाण्यात उभा राहतो व अवर्षणातही तग धरतो. लव्हेंडरचा सुगंध फुलात, तर वाळ्याचा मुळात, एवढाच फरक मानून कपड्यांच्या पेटीसाठी आपण आपल्या मातीतील वस्तू निवडावी हे बरे.

एकच मूळ, दोन कामे

नाशिक जिल्ह्यात पावसाचे मान फार विषम आहे. इगतपुरीस तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो; पेठ व सुरगाणा तालुक्यांतही तो दोन हजारांच्या घरात जातो. उलट येवला, नांदगाव, मालेगाव या पूर्वेकडील भागांत तो जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर असतो. पश्चिमेकडील डोंगरउतारांवर नागली व वरईची शेते आहेत. तेथे पहिल्या जोराच्या सरींत ओढ्यांचे पाणी तांबडे होते, हे कोणीही पाहिले असेल. ते तांबडे पाणी म्हणजे आपल्या शेतातील वरच्या थराची सुपीक माती होय. ती ओढ्यातून नदीत व नदीतून धरणात जाऊन बसते आणि शेतात मुरूम उघडा पडतो.

अशा उतारावर समपातळीत लावलेली वाळ्याची दाट ओळ वाहत्या पाण्याचा वेग मोडते. पाणी पात्यांतून गाळून पुढे जाते व माती ओळीच्या वरच्या अंगास साचत राहते. काही वर्षांत तेथे आपोआप पायरी तयार होते. १९५० च्या दशकात जॉन ग्रीनफिल्ड यांनी फिजी बेटांतील उसाच्या उतारांवर ही पद्धत वापरली. पुढे १९८० च्या दशकात त्यांनी व रिचर्ड ग्रिमशॉ यांनी जागतिक बँकेच्या भारतातील कामांतून तिचा पुरस्कार केला. ती येथे नवी मात्र नव्हती. कर्नाटकात म्हैसूरजवळील गुंडलुपेट भागातील शेतकरी पिढ्यान् पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा राखीत आले होते. थायलंडमध्ये राजे भूमिबोल यांच्या पुढाकाराने १९९१ पासून वाळ्याच्या लागवडीस मोठी चालना मिळाली.

दुसरी बाजूही पाहावी. कॅरिबियन समुद्रातील हैती हा देश वाळ्याच्या तेलासाठी जगात प्रसिद्ध आहे. तेथील लहान शेतकरी पैशाच्या निकडीमुळे डोंगरउतारावरील वाळा पुरता पक्व होण्यापूर्वीच खणून विकतात. खणलेली मोकळी माती पुढच्या पावसात वाहून जाते. तेलही कमी व हलक्या प्रतीचे निघते. जे गवत जगभर माती राखण्यासाठी लावतात, त्याच गवताच्या पिकाने तेथे जमिनीची धूप वाढली. दोष गवताचा नव्हे, खणण्याच्या जागेचा व वेळेचा आहे.

यावरून एक साधा नियम बांधून घ्यावा : बांधावरचा वाळा राखावा, परसातला वाळा खणावा. नाल्याच्या काठचा, शेततळ्याच्या भरावावरचा, उतारावरच्या बांधावरचा वाळा सुगंधाच्या लोभाने कधीही उपटू नये. खणण्यासाठीचा वाळा सपाट जागी, गादीवाफ्यात किंवा गोणीत वेगळा लावावा.

जागा व जमीन

वाळ्यास दिवसभर ऊन मिळेल अशी जागा निवडावी. झाडांच्या सावलीत तो खुरटतो. जमीन कोणतीही चालते, परंतु मुळ्या अखंड व स्वच्छ निघण्यासाठी रेताड पोयटा उत्तम. गोदाकाठच्या भारी काळ्या जमिनीत झाड चांगले वाढते, मात्र उन्हाळ्याच्या तोंडी ती जमीन दगडासारखी आवळते व खणताना मुळ्या तुटतात. अशा ठिकाणी माती, नदीची वाळू व कुजलेले शेणखत मिसळून दीड-दोन फूट उंचीचा गादीवाफा करावा.

जेथे अंगण फरसबंद आहे तेथे धान्याची रिकामी प्लॅस्टिकची गोणी घ्यावी. तळाशी व बाजूंस आठ-दहा भोके पाडावीत. दोन भाग माती, एक भाग वाळू व एक भाग शेणखत भरून तीत एक ठोंब लावावा. काढणीच्या वेळी गोणी उभी कापली की मुळ्यांचा जुडगा सबंध हाती येतो व खणण्याचे श्रम वाचतात.

न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, केळ, कर्दळ लावतात तसा वाळाही लावता येतो, व तो ते पाणी चांगले शोषून घेतो. परंतु वाळ्याच्या मुळ्या पाण्यातील व मातीतील शिशासारखे अपायकारक धातूही शोषून साठवितात. म्हणून सांडपाण्यावरच्या, गटाराकाठच्या किंवा कारखान्याजवळच्या वाळ्याची मुळे पिण्याच्या पाण्यात अथवा सरबतात मुळीच वापरू नयेत. असा वाळा न खणता तसाच राखावा.

लागवड

वाळ्याची लागवड फुटव्यांपासून करतात. निरोगी ठोंब खणून त्याची पाती वीतभर ठेवून वरून कापावी. मुळ्या चार बोटे ठेवून छाटाव्यात आणि ठोंब हाताने विलग करून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करावेत. ते उन्हात पडू देऊ नयेत. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत व लावण्यापूर्वी शेणकाल्यात बुडवून घ्यावेत.

पावसाने जमीन चांगली भिजल्यावर, जून अखेर ते जुलैत, लागवड करावी. परसात दोन ओळींत ६० व दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. फुटवे आठ-दहा सेंटिमीटर खोल लावून भोवतालची माती पायाने घट्ट दाबावी. सैल राहिल्यास ते सुकतात. पावसाने ताण दिल्यास पहिला महिनाभर पाणी द्यावे. महिन्याने नांगे भरून घ्यावेत.

बांधावर मात्र दाट लागवड लागते. तेथे १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर एकेरी ओळ लावावी. दोन-तीन वर्षांत ती सांधून जाते. तोपर्यंत पडलेली खिंडारे दर पावसाळ्यात भरावीत. एक जरी खिंडार राहिले तरी सगळे पाणी तेथूनच धाव घेते व घळ पडते.

निगा

लागवडीनंतर पहिले दोन-तीन महिने तण काढणे अगत्याचे असते. पुढे वाळा स्वतःच तणास वाव देत नाही. दर चौरस मीटरला घमेलेभर कुजलेले शेणखत पुरेसे होते. उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी एक पाणी द्यावे. वर्षातून दोनदा पाती जमिनीपासून ३० ते ४० सेंटिमीटरांवर कापावीत. त्यामुळे फुटवे वाढतात. कोवळी पाती जनावरे खातात. जून पाती आच्छादनास, छपराच्या शाकारणीस व दोर वळण्यास उपयोगी पडतात. वाळवीचा उपद्रव दिसल्यास बुडाशी निंबोळी पेंड मिसळावी.

काढणी

मुळे पक्व होण्यास सुमारे दीड वर्ष लागते. जुलैत लावलेला वाळा पुढील वर्षीच्या डिसेंबर-जानेवारीत, जमीन वाफशावर असताना काढावा. घाई केल्यास मुळे पांढुरकी, बारीक व कमी वासाची निघतात. पक्व मूळ जाडसर, पिवळसर तपकिरी असते व बोटांत चुरगळल्यास खोल, मातकट-गोड वास देते.

प्रथम पाती वीतभर ठेवून कापून घ्यावीत. ठोंबाच्या एका अंगास दीड फूट अंतरावर चर घ्यावा व कुदळीने आतील माती हळूहळू चरात पाडावी. मुळे मोकळी झाल्यावर ठोंब ओढावा. सरळ उपटल्यास निम्मे मूळ जमिनीतच राहते. सगळा वाफा एकाच वर्षी खणू नये. एकाआड एक ओळ काढावी व उरलेल्या ओळी पुढील वर्षासाठी ठेवाव्यात. खड्डे त्याच दिवशी बुजवून त्यांत दोन-दोन फुटवे परत लावावेत व पाणी द्यावे.

आता या काढणीतील खरा लाभ पाहा. चांगल्या ठोंबापासून मुळांखेरीज वीस-पंचवीस फुटवे सहज मिळतात. शंभर मीटर लांबीच्या बांधास १५ सेंटिमीटर अंतराने सुमारे ६७० ठिकाणे होतात व प्रत्येकी दोन फुटवे धरल्यास सुमारे १,३५० फुटवे लागतात. म्हणजे ६५ ते ७० ठोंब पुरतात. डिसेंबर-जानेवारीत निघालेले फुटवे विहिरीजवळ लहानशा वाफ्यात लावून पाण्यावर जगवावेत. पावसाळा येईपर्यंत त्यांची संख्याही वाढते. अशा रीतीने परसातील वाळ्याचे मूळ घरास सुगंध देते आणि त्याचा फुटवा शेताची माती राखतो.

मुळे धुणे व वाळवणे

काढलेल्या मुळांवरील माती काठीने हलकेच झोडून काढावी व वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवावी. मुळे ठोंबापासून कापून चटईवर पातळ पसरावीत व सावलीत, वाऱ्यावर चार-पाच दिवस वाळवावीत. कडक उन्हात वास उडतो. ओलसर बांधून ठेवल्यास बुरशी येते. वाळलेली मुळे सुती पिशवीत भरून झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

घरगुती वस्तू

माठातील जुडी : वीतभर लांबीची मुळे करंगळीएवढी जाड घेऊन पांढऱ्या सुती दोऱ्याने बांधावीत. पुन्हा स्वच्छ धुऊन माठात सोडावीत. दर दोन-तीन दिवसांनी जुडी बाहेर काढून उन्हात सुकवावी व दुसरी घालावी. वास मंदावला की ती माठातून काढून पंख्यात अथवा ताटीत वापरावी.

सरबत : पन्नास ग्रॅम स्वच्छ मुळे कापून एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात रात्रभर भिजवावीत व सकाळी दुहेरी कापडातून गाळावे. त्या पाण्यात पावणेदोन किलो साखर विरघळवून एक उकळी द्यावी, निवल्यावर चार-पाच लिंबांचा रस घालावा व कोरड्या बाटल्यांत भरावे. हे सरबत फिकट पिवळसर दिसते. बाजारातील हिरवागार रंग वाळ्याचा नसून वरून घातलेला असतो. म्हणून रंग नाही यावरून आपले सरबत कमअस्सल समजू नये.

कपड्यांतील पुरचुंडी : बोटाच्या पेराएवढे तुकडे करून मलमलीच्या तळहाताएवढ्या पिशवीत भरावेत व तोंड शिवून टाकावे. लोकरीच्या व रेशमी कपड्यांत या पुरचुंड्या ठेवाव्यात. येवल्याची पैठणी ठेवताना ती मलमलीच्या फडक्यात गुंडाळून पुरचुंडी बाहेरच्या बाजूस ठेवावी. उघडे मूळ जरीत अडकून धागा ओढते. वाळ्याच्या वासाने कसरीस काही अंशी अटकाव होतो. तथापि त्यावर सर्वस्वी विसंबू नये. वर्षातून दोनदा वस्त्रे वाऱ्यावर टाकावीत.

हातपंखा : लांब मुळे एकावर एक आडवी-उभी पसरून हाताच्या पंज्याच्या दीडपट रुंदीची गादी करावी, जाड दोऱ्याने चौकटी पाडून शिवावी व कडेस खणाची किंवा सुती कापडाची किनार लावावी. चिरलेल्या बांबूच्या दांडीत ती पकडून बांधली की पंखा तयार होतो. वापरण्यापूर्वी त्यावर पाण्याचा हबका मारावा.

ताटी : खिडकीच्या मापाच्या दोन बांबूकामट्यांच्या चौकटी करून त्यांच्यामध्ये मुळांचा दोन बोटे जाड थर दाबून सुतळीने आवळावा. वाऱ्याकडील खिडकीस ती टांगून वरून पाणी शिंपडावे व समोरची खिडकी उघडी ठेवावी. पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते व आत येणारा वारा गार होतो. हवा जितकी कोरडी तितका परिणाम अधिक. म्हणून मालेगाव, नांदगाव, येवला या भागांत एप्रिल-मेमध्ये ताटीचा उत्तम उपयोग होतो. इगतपुरीकडील दमट हवेत तितका होत नाही. मृगाच्या सरी येताच ताटी काढून पूर्ण वाळवावी व कोरड्या जागी ठेवावी. ताटीखाली पाणी साचू देऊ नये, अन्यथा डासांची पैदास होते.

विक्रीविषयी दोन शब्द

घरची गरज भागून उरलेल्या मुळांच्या जुड्या, पुरचुंड्या व पंखे गावातील महिला बचत गटास फेब्रुवारी ते मे या काळात बाजारात विकता येतात. मात्र तेलाच्या भावाच्या गोष्टी ऐकून एकदम मोठे क्षेत्र वाळ्याखाली आणू नये. तेल काढण्यास बाष्पभट्टी लागते, मुळे दिवसभर व त्याहूनही अधिक वेळ वाफेवर ठेवावी लागतात आणि हाती पडणारे तेल मुळांच्या वजनाच्या मानाने फारच थोडे असते. भट्टी जवळ आहे काय व माल कोण घेणार, याची खात्री करूनच तो विचार करावा. दीड वर्ष जमीन अडकून पडते, हेही हिशोबात धरावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

प्रत्येक गावात शाळेच्या आवारात किंवा एखाद्या उत्साही कुटुंबाच्या परसात पंचवीस-तीस ठोंबांचा एक नमुना वाफा करून घ्यावा. त्यातून पहिल्याच काढणीत एका शेतकऱ्याच्या छोट्या बांधापुरते फुटवे मिळतील. तीन बांबू बांधून केलेली चौकट व तिच्या मध्यावर सोडलेला ओळंबा, एवढ्या साधनांनी समपातळी रेषा आखता येते; ती आखण्याचे प्रात्यक्षिक पेरणीपूर्वी दाखवावे. फुटवे देताना ‘हे बांधासाठी’ व ‘हे परसासाठी’ असे स्पष्ट सांगून द्यावेत. वाणाविषयी व जमिनीविषयी शंका असल्यास नाशिक व मालेगाव येथील कृषी विज्ञान केंद्रांचा किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्यावा.

ज्या घरात उन्हाळ्यात स्वतःच्या परसातील वाळ्याची जुडी माठात पडते आणि ज्याच्या शेताच्या बांधावर पावसाळ्यात वाळ्याची अखंड ओळ उभी असते, त्या घरास या गवताचा पुरा लाभ मिळाला असे समजावे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने निदान पाच ठोंबांची सोय करून ठेवावी.